वादळात उडालेले छप्पर आणि गृहविम्याचा दावा

रायपूरच्या जुन्या वस्तीत तात्यापारा, ब्राह्मणपारा, बूढापारा हे मोहल्ले एकमेकांना लागून आहेत. बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूर येथून छत्तीसगडचा कारभार पाहिला. त्या काळापासून आणि पुढे नोकरी-व्यवसायानिमित्त या प्रदेशात आलेली मराठी कुटुंबे अशा मोहल्ल्यांत स्थिरावली. येथील जुन्या घराची रचना ठराविक असते. पुढचा भाग कवेलूंचा, मागे कधीतरी वाढवलेली स्लॅबची खोली, गच्चीवर सिमेंटच्या किंवा लोखंडी पत्र्यांचे शेड आणि रस्त्याच्या बाजूस एखादे दुकान. घराच्या एका छपराखाली दोन-तीन पिढ्यांची बांधकामे नांदत असतात. विमा कंपनीच्या सर्वेक्षकापुढे हेच घर येते तेव्हा ‘छप्पर’ या एका शब्दाचे चार वेगवेगळे प्रश्न होतात.

छत्तीसगडात मे महिन्याच्या दुपारी उन्हाने आसमंत तापतो आणि सायंकाळी धुळीचे वादळ उठते. विजांच्या कडकडाटासह येणारा हा वारा थोडाच वेळ टिकतो. परंतु पत्र्याची एक कड उचलली गेली की पूर्ण रांग उडण्यास काही मिनिटे पुरतात. त्यानंतर अवघ्या तीन-चार आठवड्यांत, जूनच्या मध्याच्या सुमारास, मोसमी पाऊस येतो. छप्पर गेलेल्या कुटुंबाजवळ वेळ असतो तो एवढाच. या अवधीत दावा दाखल करणे, सर्वेक्षण करवून घेणे, मिस्त्री मिळवणे आणि पावसापूर्वी घर झाकणे ही सर्व कामे उरकावी लागतात. म्हणून कोणत्या क्रमाने काय करावे हे वादळापूर्वीच ठाऊक असणे इष्ट ठरते.

कर्जाचा विमा आणि घराचा विमा

शाखेत सर्वाधिक आढळणारा गैरसमज प्रथम दूर करणे आवश्यक आहे. गृहकर्ज घेताना अनेक ग्राहक एक विमा घेतात आणि ‘घराचा विमा झाला’ असे समजून निश्चिंत होतात. पुष्कळदा तो विमा कर्जदाराच्या जीविताचा असतो. कर्जदाराचा मृत्यू झाल्यास उर्वरित कर्ज फिटावे एवढाच त्याचा हेतू. वादळात पत्रे उडाले तर त्या पॉलिसीतून एक रुपयाही मिळत नाही. घराच्या वास्तूचा विमा ही स्वतंत्र पॉलिसी असून ती सर्वसाधारण विमा कंपनीकडून घ्यावी लागते. ग्राहकाने आपल्या कपाटातील कागद काढून त्यावर ‘जीवन’ आहे की ‘गृह’, हे आजच पाहावे. कर्मचाऱ्यांनीही कर्जवाटपाच्या वेळी हा फरक तोंडी समजावून सांगितला, तर पुढचे अनेक कटू प्रसंग टळतील. बँकेने सुचविलेल्या कंपनीकडूनच विमा घेतला पाहिजे अशी सक्ती ग्राहकावर करता येत नाही, हेही येथेच नमूद करावयास हवे.

‘भारत गृह रक्षा’चे स्वरूप

१ एप्रिल २०२१ पासून भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ती देणे बंधनकारक आहे व तिच्या मूळ अटी सर्वत्र सारख्याच आहेत. त्यापूर्वी घरांनाही कारखाने-गोदामांसाठी असलेली ‘प्रमाणित आग व विशेष संकटे’ ही पॉलिसी दिली जात असे आणि तिची भाषा सामान्य गृहस्थाच्या आकलनापलीकडची होती.

या पॉलिसीत संकटांची यादी दिलेली आहे. आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर व जलमयता, जमीन खचणे, दरड कोसळणे, झाड किंवा वाहन यांसारख्या बाह्य वस्तूचा आघात, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे इत्यादींचा तीत समावेश होतो. संकट घडल्यापासून सात दिवसांच्या आत त्याच कारणाने झालेली चोरीही संरक्षित आहे. छप्पर उघडे पडलेल्या घरातून भांडीकुंडी जातात तेव्हा या तरतुदीचे महत्त्व कळते.

यादीत काय नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. लाकूड कुजणे, वाळवी लागणे, पत्रा गंजणे, स्लॅबमधून वर्षानुवर्षे पाणी झिरपणे या गोष्टी संकट नसून वास्तूचे म्हातारपण आहे. केवळ पाऊस पडला व छत गळले, एवढ्यावर दावा उभा राहत नाही. वादळाने छप्पर फोडले आणि त्या वाटेने पाणी आत आले, तर मात्र तो दावा होतो. तसेच गवत, बांबू, ताडपत्री किंवा लाकडी फळ्या यांचे छप्पर वा भिंती असलेले बांधकाम पॉलिसीच्या व्याख्येत ‘कच्चे’ ठरते. कवेलूंचे किंवा पत्र्याचे छप्पर या व्याख्येत येत नाही. तथापि जुन्या घराचा विमा घेताना बांधकामाचे वय आणि छपराचा प्रकार प्रस्ताव-अर्जात अचूक लिहावा. तेथे ‘स्लॅब’ लिहिले आणि प्रत्यक्षात कवेलू उडाले, तर दाव्याचा आरंभच संशयाने होतो.

घराच्या वास्तूत गॅरेज, व्हरांडा, कुंपणभिंत, पाण्याची टाकी आणि छपरावरील सौर पॅनेलही धरले जातात. २०२४ साली ‘पीएम सूर्यघर’ योजना आल्यानंतर अनेकांनी गच्चीवर पॅनेल बसविले आहेत. त्यांनी विमा रक्कम ठरविताना पॅनेलची किंमत विसरू नये. रस्त्याच्या बाजूस असलेले दुकान मात्र या पॉलिसीत येत नाही. त्यासाठी व्यवसायाची वेगळी पॉलिसी आहे. वर घर आणि खाली दुकान अशी वास्तू असणाऱ्यांनी दोन्हींची सीमा कागदावर स्पष्ट करून घ्यावी.

विमा रक्कम किती असावी

येथे दोन चुका हमखास होतात. काही जण कर्जाच्या शिल्लक रकमेएवढा विमा घेतात, तर काही जण घराच्या बाजारभावाएवढा. दोन्ही हिशेब सदोष आहेत. तात्यापाऱ्यासारख्या भागात किमतीचा मोठा वाटा जमिनीचा असतो आणि जमीन वादळाने उडून जात नाही. पॉलिसीनुसार चटई-क्षेत्र गुणिले बांधकामाचा प्रचलित दर, एवढीच रक्कम अपेक्षित असते. उदाहरणार्थ, चटई-क्षेत्र ८०० चौरस फूट आणि दर १,८०० रुपये धरल्यास वास्तूची विमा रक्कम १४,४०,००० रुपये होते. घरातील सर्वसाधारण सामानासाठी वास्तूच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, एवढे संरक्षण आपोआप मिळते. म्हणजे या उदाहरणात २,८८,००० रुपये. दागिने व तत्सम मौल्यवान वस्तूंसाठी वेगळी निवड करावी लागते.

बांधकामाचा खर्च वाढतो याचीही दखल पॉलिसीने घेतली आहे. एक वर्षाच्या पॉलिसीत वास्तूची रक्कम वार्षिक १० टक्के दराने दररोज थोडी थोडी वाढत जाते. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत ती दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते. ही वाढ मूळ रकमेच्या १०० टक्क्यांपर्यंत होते व तिच्यासाठी जादा हप्ता द्यावा लागत नाही. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीची घेता येते.

या वाढीचे मोल ३ जून २०२० रोजी कोकणाने अनुभवले. त्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटरपर्यंत होता. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, तसेच दापोली व मंडणगड या तालुक्यांत घरांची कौले व पत्रे मोठ्या प्रमाणावर उडाले, शाळांची छपरेही गेली. टाळेबंदीचा काळ असल्याने कारागीर मिळेनात आणि पत्र्यांचा तुटवडा पडला. सर्वांना एकाच आठवड्यात पत्रे हवे असतात तेव्हा गेल्या वर्षीचा दर कागदावरच राहतो.

शासकीय मदत व तिची मर्यादा

‘सरकार काही देईलच’ या भरवशावर विमा न घेणारेही आहेत. छत्तीसगडात राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ नुसार नैसर्गिक आपत्तीत मदत मिळते व त्यासाठी पटवारी पंचनामा करतो. परंतु रक्कम पाहिली पाहिजे. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविलेल्या निकषांत सपाट प्रदेशातील पूर्ण नष्ट झालेल्या घरास १,२०,००० रुपये, तर किमान १५ टक्के हानी झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये आणि कच्च्या घरास ४,००० रुपये आहेत. नुसते छप्पर गेले तर ते घर बहुधा ‘अंशतः’ हानीच्या रकान्यात पडते. साडेसहा हजारांत ताडपत्री, मजुरी आणि फार तर काही पत्रे येतील. ही मदत आहे, भरपाई नव्हे. ती अवश्य घ्यावी. शिवाय पंचनाम्याची प्रत विमा-दाव्यात उत्तम पुरावा ठरते.

वादळानंतरचे पहिले दोन दिवस

घरातील विजेचा मुख्य खटका बंद करणे हे पहिले काम. त्यानंतर, काहीही हलविण्यापूर्वी, छायाचित्रे काढावीत. संपूर्ण घर दुरून, छपराची प्रत्येक बाजू, तुटलेले आढे, वासे व रिपा, उखडलेले हूक, अंगणात पडलेले पत्रे आणि आत भिजलेले सामान, असा क्रम ठेवल्यास काही सुटत नाही. पडलेले झाड अथवा फांदी ज्या जागी छपरावर टेकली असेल, ते छायाचित्र तर हवेच.

मग घर झाकावे. हानी आणखी वाढू नये यासाठी वाजवी उपाय करणे हे पॉलिसीधारकाचे कर्तव्यच आहे. ‘सर्वेक्षक येईपर्यंत हात लावू नका’ असा सल्ला शेजारीपाजारी देतात, तो चुकीचा आहे. ताडपत्री बांधावी, तिची व मजुरीची पावती जपून ठेवावी. फुटलेले कवेलू व मुरगळलेले पत्रे मात्र भंगारवाल्यास लगेच देऊ नयेत. सर्वेक्षणापर्यंत अंगणाच्या एका कोपऱ्यात रचून ठेवावेत.

कंपनीस त्याच दिवशी दूरध्वनी, ईमेल किंवा ॲपद्वारे कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा. गृहकर्ज असल्यास शाखेसही कळवावे. दावा-अर्ज हानी लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत देणे अपेक्षित आहे. सूचना देण्यास काही कारणाने उशीर झाला, तर केवळ तेवढ्यावरून खरा दावा नाकारू नये, असे नियामकाने सप्टेंबर २०११ मध्येच कंपन्यांना बजावले आहे. तरीही उशीर करण्यात लाभ नाही, कारण दिवसागणिक पुरावा विरत जातो.

२०२४ साली नियामकाने मुदती अधिक कडक केल्या. दावा कळविल्यापासून २४ तासांत सर्वेक्षकाची नियुक्ती, नियुक्तीपासून १५ दिवसांत त्याचा अहवाल आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीचा निर्णय, असा क्रम आता ठरलेला आहे. कागदपत्रांच्या अभावाचे कारण देऊन दावा फेटाळता येत नाही, असेही त्याच वर्षीच्या निर्देशांत आहे. लहान रकमेचे दावे सर्वेक्षकाशिवाय, छायाचित्रे व अंदाजपत्रकावरूनही निकाली निघू शकतात.

वादळ की वय?

जुन्या घराच्या दाव्यात सर्व वाद अखेर या एका प्रश्नापाशी येतो. छप्पर वाऱ्याने गेले की ते जाण्याच्याच बेतात होते? सर्वेक्षक कुजलेल्या वाशाकडे बोट दाखवितो, घरमालक आकाशाकडे. वास्तविक दोघांचेही म्हणणे काही अंशी खरे असू शकते. येथे पुराव्याची शिस्त उपयोगी पडते.

रायपूरच्या हवामान केंद्राची त्या दिवसाची वाऱ्याची व पावसाची नोंद, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्राचे कात्रण, शेजारच्या घरांच्या हानीची छायाचित्रे यांवरून वादळ सिद्ध होते. छपराची पूर्वस्थिती सिद्ध करणे त्याहून अवघड असते. कवेलूंच्या घरात दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी होते. फुटके कवेलू बदलतात, रिपा पाहिल्या जातात. हा खर्च विमा कंपनी देत नाही, पण त्याची पावती व दोन छायाचित्रे जपली तर ‘छप्पर निगराणीत होते’ हे दाखविता येते. मजूर पावती देत नाही ही अडचण खरी आहे. वहीच्या कागदावर तारीख, काम, रक्कम लिहून त्याची सही घ्यावी व पैसे शक्यतो खात्यातून द्यावेत. खातेपुस्तकातील नोंद बोलते.

हिशेब कसा होतो, ते काल्पनिक उदाहरणाने पाहू. तात्यापाऱ्यातील वरील ८०० चौरस फुटांच्या घराचे पत्र्यांचे शेड उडाले आणि कडुनिंबाच्या फांदीने पुढच्या भागाचे आढे मोडले. मिस्त्रीने १,६०,००० रुपयांचे अंदाजपत्रक दिले. त्यात साध्या सिमेंटच्या पत्र्यांऐवजी रंगीत पत्रे घेण्याचा जादा खर्च २५,००० रुपये आणि आधीच वाळवीने पोखरलेले वासे बदलण्याचा खर्च १५,००० रुपये होता. विमा हानीपूर्वीच्या स्थितीस घर आणून देतो, त्याहून सरस करून देत नाही. म्हणून सुधारणेचे २५,००० आणि वाळवीचे १५,००० वजा जाऊन १,२०,००० रुपये मान्य होण्यासारखे राहतात. याशिवाय ढिगारा हलविण्यासाठी दावा-रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २,४०० रुपये, आणि वास्तुविशारद वा अभियंत्याच्या शुल्कासाठी ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६,००० रुपये, प्रत्यक्ष खर्चानुसार मिळू शकतात. घर राहण्यायोग्य नसेल तर पर्यायी निवासाच्या भाड्याचीही तरतूद आहे.

याच घराचा विमा चुकून ७,२०,००० रुपयांचाच काढला असता तर? जुन्या पॉलिसीत मूल्याच्या निम्मा विमा म्हणजे निम्मीच भरपाई, असा नियम लागू झाला असता व हाती सुमारे ६०,००० रुपये आले असते. ‘भारत गृह रक्षा’त अल्पविम्याची ही कपात रद्द केली आहे. अर्थात विमा रकमेची कमाल मर्यादा राहतेच, आणि संपूर्ण घर गेल्यास ती फारच तोकडी पडेल.

अंदाजपत्रक करविताना ‘छप्पर दुरुस्ती, एकूण’ अशी एकच ओळ स्वीकारू नये. पत्र्यांची संख्या व माप, लाकूड, हूक, मजुरी, जुना माल उतरविणे, वाहतूक अशा वेगवेगळ्या ओळी असाव्यात आणि सुधारणेचा खर्च स्वतःहूनच निराळा दाखवावा. सर्वेक्षकाने तो शोधून काढण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. उडालेल्या भागाबरोबर उरलेले, न उडालेले छप्परही बदलून मिळावे अशी अपेक्षा अनेकांची असते. हानी नसलेल्या भागाचे पैसे मिळत नाहीत. मात्र आढे मोडल्याने त्यावर टेकलेला शेजारचा भागही उतरविणे तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य असेल, तर तसे अभियंत्याच्या पत्रात नमूद करून मागणी करता येते.

घर कोणाच्या नावावर?

दावा मान्य होऊनही पैसे अडकण्याचे सर्वांत सामान्य कारण छपराशी संबंधित नसते. घर आजोबांच्या नावावर, एक भाऊ रायपुरात, दुसरा पुण्यात, बहीण परदेशात, आणि पॉलिसी मात्र येथे राहणाऱ्या भावाच्या एकट्याच्या नावे. रक्कम कोणास द्यावी, असा प्रश्न मग कंपनीस पडतो. नामांतरण झालेले असावे, मालमत्ता कराची पावती चालू असावी व पॉलिसीत सर्व सहमालकांची नावे असावीत. वादळाच्या दुसऱ्या दिवशी भावंडांची संमतिपत्रे गोळा करणे किती जिकिरीचे असते, याची कल्पना ज्यांनी ती गोळा केली त्यांनाच असते.

गृहकर्ज असलेल्या घराच्या पॉलिसीत बँकेच्या हितसंबंधाची नोंद असते आणि दाव्याची रक्कम बँकेकडे येते. ती कर्जखात्यात जमा होऊन हप्ता कमी झाला, तरी डोक्यावर छप्पर येत नाही. म्हणून ग्राहकाने अंदाजपत्रकासह शाखेकडे लेखी अर्ज करून ही रक्कम दुरुस्तीसाठी मिळावी अशी विनंती वेळेवर करावी. तारण ठेवलेले घर सुस्थितीत असणे बँकेच्याही हिताचे आहे. शाखाधिकाऱ्यांनी असा अर्ज रक्कम येण्याची वाट न पाहता आधीच वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविल्यास काही मौल्यवान दिवस वाचतात.

निर्णय मान्य नसल्यास

सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली न्यू इंडिया अशुरन्स कंपनीच्या एका खटल्यात स्पष्ट केले आहे. अहवालाची प्रत मागावी आणि प्रत्येक कपातीचे कारण लेखी घ्यावे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. ‘बीमा भरोसा’ या नियामकाच्या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या निःशुल्क क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. कंपनीने एक महिन्यात उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालाचा मार्ग खुला आहे. छत्तीसगडसाठी हे कार्यालय भोपाळ येथे आहे. ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांच्या तक्रारी तेथे विनाशुल्क ऐकल्या जातात, वकिलाची गरज नसते. मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ग्राहक आयोगाचा पर्यायही आहे व त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे. एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. छपराच्या दाव्यात रक्कम बहुधा लाख-दोन लाखांची असते. अशा रकमेसाठी आयोगातील तारखांपेक्षा लोकपालाचा मार्ग अधिक सोयीचा ठरतो.

दरम्यान दुरुस्ती थांबवून ठेवण्याचे कारण नाही. सर्वेक्षण पूर्ण झाल्याचे लेखी कळल्यावर काम सुरू करावे, पक्की बिले घ्यावीत व प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र ठेवावे. वाद असलेल्या रकमेचा निकाल पुढे लागू शकतो. पावसाळा मात्र जूनमध्येच येतो.